पुणे बाजारासाठी उन्हाळी कांद्याची प्रतवारी किती करावी?

प्रश्न (शेतकरी, शिरूर तालुका):
आमचा उन्हाळी कांदा कांदाचाळीत साठवलेला आहे आणि आम्ही तो टप्प्याटप्प्याने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेतो. आजवर सडका कांदा काढून बाकीच्या गोण्या सरसकट भरल्या. प्रतवारी करायची तर मजुरी वाढते, शिवाय वेगळी काढलेली गोल्टी (लहान कांदा) पडून राहील अशी धास्ती वाटते. निवड केव्हा करावी आणि प्रती किती असाव्यात?

उत्तर (कांदा व्यापारी, पुणे):
खरेदीदार गोणी ओतून पाहतो. त्यात गोल्टी, जोडकांदा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेला कांदा) आणि पत्ती म्हणजे वरची साल सुटलेला कांदा किती निघेल व तो निवडायला आपल्याला किती खर्च येईल, याचा अंदाज बांधून तो तेवढी रक्कम बोलीतून आधीच कमी करतो. म्हणजे निवडीची मजुरी आपण आजही भरतच आहात, फक्त ती पट्टीवर (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर) दिसत नाही. मोठा, मध्यम आणि गोल्टी एवढ्या तीन प्रती पुरेत. जोड, डेंगळे व बदला (खराब, हलका माल) यांचा वेगळा ढीग लावावा. गोल्टीला भाव कमी मिळतो, पण तिचे गिऱ्हाईक ठरलेले असते. मात्र गोणीच्या तोंडाशी जो कांदा तोच तळाशी असलाच पाहिजे, कारण एकदा वर चांगला आणि खाली हलका माल निघाला की पुढच्या खेपेलाही आपल्या गोण्यांवर कोणी मोकळेपणाने बोली लावत नाही.

उत्तर (शेतकरी, जुन्नर तालुका):
निवड दोनदा करावी लागते. काढणीनंतर माना नीट सुकू द्याव्यात आणि दोन ते अडीच सेंटिमीटर देठ ठेवून पात कापावी. जाड मानेचा, जोड किंवा खुरप्याने कापलेला कांदा चाळीत जाऊच देऊ नये. जाड मानेत ओल टिकते, तिथूनच सड धरते आणि शेजारचे कांदेही जातात. आकारानुसार निवड मात्र विक्रीच्या वेळीच करावी, कारण साठवणुकीत वजन घटते आणि सालही सुटते.

उत्तर (कृषी पणन क्षेत्रातील सदस्य):
१९३७ च्या प्रतवारी कायद्यातून आलेले ॲगमार्क चिन्ह कांद्यासाठी ऐच्छिक आहे, यार्डातल्या विक्रीला त्याची गरज नाही. त्यातली व्यासाने आकार मोजण्याची पद्धत मात्र जरूर घ्यावी: फळीला ठरावीक मापाची भोके पाडून दिली की सर्व मजुरांची निवड सारखी होते. एकाच चाळीतला थोडा माल सरसकट आणि थोडा निवडून, एकाच दिवशी एकाच आडत्याकडे पाठवून पाहा. तुलना मोठ्या कांद्याच्या भावाशी करू नये. तिन्ही प्रतींची व बदल्याची एकूण रक्कम घेऊन, मजुरी वजा करून, क्विंटलमागे काय उरले ते पाहावे.