आयटीओशिवाय सेंद्रिय सौरघट: मुंबईच्या दमट हवेत कोणता इलेक्ट्रोड टिकेल? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पी३एचटी-पीसीबीएमचे (उजेड शोषणारं प्लास्टिक आणि कार्बनी संयुग यांच्या मिश्रणाचे) सेंद्रिय सौरघट करतोय. उजेड आत घेणारा पारदर्शक इलेक्ट्रोड आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइडचा) नको, असं ठरवलंय. इंडियम मुख्यतः जस्ताच्या धातुकाबरोबर निघतं, मागणी वाढली म्हणून हवं तेवढं काढता येत नाही. वर तो थर व्हॅक्यूममध्ये चढवायचा आणि वाकवला की तडे. बाकी सगळा घट शाईसारखा छापता येत असताना एवढा एकच थर महागडा ठेवणं मला पटत नाही.

आधी पेडॉट-पीएसएस (वीज वाहणारं, पाण्यात मिसळणारं प्लास्टिक) घेतलं. ५ टक्के डीएमएसओ (एक द्रावक) घातलं की त्याची वाहकता कैक पटींनी वाढते, तशी ती वाढलीही. पण पाऊस सुरू झाल्यापासून वेगळीच कटकट आहे. हॉटप्लेटवरून काच उतरवली की फोर-पॉइंट प्रोबवर (थराचा रेझिस्टन्स मोजायचं उपकरण) छान आकडा येतो. तीच काच टेबलावर ठेवून चहा पिऊन आलं की रेझिस्टन्स चढलेला. पुन्हा तापवली की बराचसा उतरतो, म्हणजे त्यातला पीएसएस हा घटक हवेतलं पाणी ओढतोय. मिथेनॉलने धुऊन जास्तीचं पीएसएस काढलं, फरक पडला, पण पुरेसा नाही. आमच्याकडे ग्लोव्ह बॉक्स (कोरड्या वायूची बंद पेटी) नाही, सिलिका जेलचा डेसिकेटर (कोरडं ठेवायचं बंद भांडं) तेवढा आहे.

म्हणून आता चांदीच्या नॅनोवायरकडे वळतोय. शीट रेझिस्टन्स आयटीओच्या तोडीचा मिळतो, पण पृष्ठभाग खडबडीत. उजेड शोषणारा थर जेमतेम १०० नॅनोमीटरचा, त्यात एखाद्या तारेचं टोक वर आलं की घट शॉर्ट. पेडॉटने तारा झाकाव्यात तर ते आम्लधर्मी, चांदीला लागणार. त्यामुळे उलटी रचना (पारदर्शक बाजूने इलेक्ट्रॉन गोळा करणारी) करून वर सोल-जेल (द्रावण लावून, तापवून थर करायची पद्धत) झिंक ऑक्साइड द्यायचा विचार आहे. फार तापवलं तर तारा तुटून थेंब होतात, म्हणून १५० अंशांच्या वर जायची भीती वाटते.

जाणकारांनी सांगावं: एवढ्या तापमानाला झिंक ऑक्साइड नीट बसतो का, की दोन पातळ थर द्यावेत? तारा आधी दाबून सपाट करून कोणी पाहिल्यात का? छोट्या घटावर चाललेला इलेक्ट्रोड १ चौरस सेंमीवर फिल फॅक्टर (घट प्रत्यक्षात किती शक्ती देतो याचं एक माप) पाडतो, तेव्हा मोठ्या घटावर काम केलेल्यांचे अनुभव जास्त हवेत.

आणि घट सील करायला यूव्हीवर वाळणारं इपॉक्सी कमी प्रमाणात प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे मिळेल का? पूर्ण बाटली घेणं परवडणार नाही.