शेतासाठी घेतलेल्या मिनी पोकलेनवर बाहेरची भाड्याची कामं घ्यावीत का?

(बेळगाव भागातल्या मशीनवाल्यांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दूधगंगाकाठ

निपाणी, चिकोडीपासून खानापूरपर्यंत साडेतीन टनी मिनी पोकलेन आता बऱ्याच शेतकऱ्यांच्या दारात दिसतंय. कुणी पाइपलाइनच्या चरीसाठी घेतलं, कुणी उसाच्या रानातल्या निचऱ्यासाठी. घरचं काम वर्षाला दोन-अडीचशे तासांच्या पुढं जात नाही. बाकी वेळ मशीन ताडपत्रीखाली. शेजारी येऊन "भाड्यानं द्या की" म्हणतो तेव्हा काय करायचं, हा प्रश्न आहे.

माझं मत: घ्यावीत. हिशेब बघा. तासाला भाडं ९०० रुपये धरा. डिझेल साडेतीन लिटर, ९० च्या भावानं ३१५. चालक १५०. रबर ट्रॅकची जोडी समजा लाखाची आणि १२०० तास टिकते, म्हणजे तासाला ८३. तेल, फिल्टर, ग्रीस, बकेटचे दात, सांध्यांचे पिन-बुश मिळून १००. हातात २५० उरतात. मशीन वयानं जुनं होणारच आहे, चालवलं तरी आणि उभं ठेवलं तरी. वर्षात ३०० तास बाहेर लागले तर पाऊण लाख सुटतात. उभ्या मशीनचे होज (तेलाच्या रबरी नळ्या) उन्हानं तडकतात आणि बॅटरी बसते, ते वेगळंच.

मांजऱ्या

दादा, हिशेबात मशीन कामावर न्यायचा खर्च कुठं आहे? साडेतीन टनाचं धूड साध्या पिकअपमध्ये बसत नाही, तिची क्षमता त्याच्या निम्मीच. मोठी गाडी आणि रॅम्प लागतो. जाऊन-येऊन ४००० धरा. काम पाच तासांचं असेल तर तुमच्या २५० च्या हिशेबानं साडेबाराशे सुटले. म्हणजे खिशातून पावणेतीन हजार घालून शेजाऱ्याची चर काढून दिली.

"वयानं जुनं होणारच" हेही पटत नाही. विकायला काढलं की गिऱ्हाईक आधी तासांचं मीटर बघतं, मग बूमच्या, म्हणजे मशीनच्या मोठ्या हाताच्या, बुडाची पिन हलवून बघतं. तासच मशीनची किंमत खातात.

तिसरी गोष्ट हंगामाची. पाइपलाइनची मागणी येते ऊस तुटल्यावर, एप्रिल-मेमध्ये. तुमचं स्वतःचं रानही तेव्हाच मोकळं असतं. शेजाऱ्याला शब्द दिला आणि वळीव पडला की दोघांचंही काम अडकलं.

खानापूर पश्चिम

आमच्याकडं जून ते सप्टेंबर मशीन बाहेर काढायचा विषयच नाही, त्यामुळं कामाचे महिने मोजकेच. पण खरा फरक जमिनीचा. मोकळ्या लाल मातीत दीड फूट रुंद, तीन फूट खोल चर तासाला शंभर-सव्वाशे फूट पळते. ओल्या काळीत निम्मं धरा, कारण माती बकेटला चिकटते आणि दर खेपेला झटकत बसावं लागतं. जांभ्यात वरचं कवच कडक, खाली मऊ. दात झिजतात पण काम निघतं. काळा पाषाण लागला तर ब्रेकरशिवाय (दगड फोडायच्या हातोड्याशिवाय) हलत नाही. भाव फुटावर ठरवून टाकलात आणि खाली पाषाण निघाला तर ते नुकसान तुमचं. म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी हातभर खड्डे काढून बघा, मगच भाव बोला. तासाचा भाव असेल तर सुरू करताना आणि थांबवताना मीटरचा फोटो, दोघांच्या समोर. इंजिन चालू असलं की मीटर पळतो, मशीन नुसतं उभं असलं तरी. तो वेळ कुणाचा, हे आधी बोलून घ्यावं.

हायड्रॉलिकवाला, बेळगाव

मी विरोधात आहे, आणि कारण ट्रॅकमध्ये आहे. संध्याकाळी काम संपल्यावर स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारं दातेरी चाक), खालचे रोलर आणि पुढचा आयडलर (ट्रॅक वळवणारं मोकळं चाक) यांच्यात काळी माती गच्च बसलेली असते. रात्रीत ती वाळून विटेसारखी होते. सकाळी तसंच मशीन हाकलं की माती रोलरच्या सीलवर घासते, तेल गळायला लागतं आणि रोलर जाम होतो. त्याच मातीनं ट्रॅक ताणला जातो, वळताना उतरतो किंवा आतली तार तुटते. घरच्या कामात मालक स्वतः फावड्यानं माती काढतो. भाड्यावर गेलेला चालक अंधार पडला की निघून येतो.

ट्रॅकचा ताण बघायचा तर एक बाजू बूमनं उचला आणि मधल्या रोलरखाली ट्रॅक किती सुटतो ते मोजा. साधारण १० ते २० मिलिमीटर असावं, नेमका आकडा मशीनच्या पुस्तकात असतो. सैल असेल तर ताण देणाऱ्या सिलिंडरमध्ये ग्रीस भरा. जास्त झालं तर त्याचा व्हॉल्व्ह सावकाश, बाजूला उभं राहून सैल करा, तोंड समोर नको. आतलं ग्रीस गोळीसारखं सुटतं.

दुसरं म्हणजे "आलाच आहात तर" हा रोग. चर संपली की आंब्याचं खोड निघतं, मग भिंतीचा कोपरा. साडेतीन टनी मशीन खोड सरळ ओढत नाही. भोवतीनं खणून मुळं तोडायची, मग ढकलायचं. ओढत बसलात तर मशीनच पुढं कलंडतं. आणि माती बकेटच्या बाजूनं झाडल्यासारखी सारायची नाही. बूमच्या पिनला आणि फिरत्या गिअरला आडवा धक्का बसतो.

शेततळं आणि चर

शेततळ्याची चौकशी हमखास येते. मिनीवर घेऊ नका. वर २१ मीटर, तळाला १२, खोली ३, उतार दीडास एक (दीड आडवं, एक उभं), एवढ्या तळ्याची माती सुमारे ८३७ घनमीटर होते. मिनीची बकेट ०.१ घनमीटरच्या आसपास, तासाला १५ घनमीटर निघाली तर ५६ तास. त्यातही मधली माती काठापर्यंत पोचत नाही, दोनदा उचलावी लागते. हे मोठ्या पोकलेनचं काम आहे. मिनीचं खरं काम अरुंद जागेत, झाडांच्या ओळीत, घरामागच्या बोळात, जिथं जेसीबी वळत नाही. तिथं भावही चांगला मिळतो.

निचऱ्याच्या खोल चरी (अथणी, रायबागच्या क्षारपड रानात मागणी आहे) घ्यायच्या तर एक गोष्ट पाळाच. दीड मीटरच्या पुढं सरळ उभ्या चरीत माणूस उतरवू नका. काठ उताराचा ठेवा किंवा फळ्या लावा, आणि काढलेली माती काठापासून किमान तीन फूट लांब टाका. काळी माती वाळताना भेगाळते. सकाळी घट्ट दिसणारा काठ दुपारी सरळ खाली येतो. छातीपर्यंत मातीत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही.

मांजऱ्या

मग कागदाचंही बोला. जमिनीत काय पुरलंय ते मालकालाही आठवत नसतं. मोटारीची केबल जुन्या पाइपलाइनच्या कडेनं फूटभर खोलीवरच असते. ऑप्टिक फायबरसाठी "कॉल बिफोर यू डिग" हे सरकारी ॲप २०२३ पासून आहे, खोदण्याआधी त्यावर कळवायचं असतं. दाभोळ–बंगळूर गॅस वाहिनी आपल्या जिल्ह्यातून जाते. तिच्या पट्ट्यात परवानगीशिवाय फावडंसुद्धा लावायचं नसतं. हेस्कॉमच्या (आपल्या वीज कंपनीच्या) ११ हजार व्होल्टच्या तारेपासून बूम किमान तीन मीटर लांब. तार चिकटलीच तर चालकानं केबिनमध्येच बसायचं. आग लागली तरच दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारायची आणि पाय न उचलता सरकत लांब जायचं.

वाळू किंवा मुरमाचं काम असेल तर आधी परवाना डोळ्यांनी बघा. १९५७ च्या खाण कायद्याच्या कलम २१ खाली वाहनाबरोबर यंत्रही जप्त होतं. मशीन तुमचं, वाळू दुसऱ्याची, तरी अडकणार तुम्हीच.

दूधगंगाकाठ

हे सगळं मान्य. नेण्या-आणण्याचा खर्च मी वगळला, ती चूक माझीच. म्हणून मत थोडं बदलतो: पाच-सहा किलोमीटरच्या आतली कामं, किमान आठ तासांची, आणि वाहतूक वेगळी लावून. एकाच शिवारातल्या तिघांची कामं एका खेपेत धरली तर ४००० चे तीन वाटे होतात. रबर ट्रॅकवर डांबरी रस्त्यानं चालवत नेणं बंद.

विम्याबद्दल मात्र कुणी बोललं नाही. अशा यंत्रांना सीपीएम, म्हणजे कंत्राटदाराच्या यंत्रसामग्रीची पॉलिसी असते. घेताना "भाड्यानंही देणार" हे लिहून द्या आणि तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचं कलम जोडून घ्या. चालकाचा अपघात विमा वेगळा काढा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेवर जीएसटीची नोंदणी लागत नाही, पण पावती पुस्तक ठेवाच.

खानापूर पश्चिम

एक राहिलं. चर बुजवायची कुणी, हे काम सुरू व्हायच्या आधी बोला. बहुतेक भांडणं तिथंच होतात. मशीननं दगडासकट माती ढकलली की पीव्हीसी पाइप चेपतो आणि महिन्यानं फोन येतो. पाइपखाली आणि भोवती चार इंच बारीक माती हातानं टाकायची, सांधे उघडे ठेवून पाणी सोडून बघायचं, गळती नसेल तरच वरचं भरायचं. चाचणी मालकासमोर झाली आणि त्यानं पावतीवर सही केली, मगच मशीन गाडीत चढवा. बांधालगत खणायचं असेल तर बांधापलीकडचा शेतकरी हजर असल्याशिवाय बकेट खाली टेकवू नका. त्याला बोलवायची जबाबदारी ज्याचं काम त्याची.