दिवस तिळातिळानं वाढतो म्हणजे किती?

प्रेषक: मराठी शाळा, टोरंटो (तिसरी-चौथीचा वर्ग)
दिनांक: ३० नोव्हेंबर
विषय: संक्रांत, सहा आठवडे

नमस्कार मंडळी,

संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो, हे आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलंय. मागच्या शनिवारी वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, एक तीळ म्हणजे किती मिनिटं?" मला उत्तर देता आलं नाही. यंदाचा बेत त्या प्रश्नावरून ठरवलाय.

दरवर्षी आपण सणाच्या आठवड्यात छापील पानं वाटतो. पतंगात रंग भरा, गाळलेल्या जागी 'तिळगूळ' लिहा. दहा मिनिटांत पान संपतं आणि मुलं आपापसांत इंग्रजी सुरू करतात. यंदा पानं नकोत. एकच सण घेऊ आणि गणित, विज्ञान, भूगोल, भाषा सगळं त्यातूनच काढू.

सुरुवात काठीनं. १ मीटरची काठी पटांगणात सरळ उभी करायची आणि भर दुपारची सावली मोजायची. एकदा २० डिसेंबरला, एकदा १७ जानेवारीला. आपल्याकडे सूर्य घड्याळातल्या बाराला सर्वांत वर येत नाही. डिसेंबरात सव्वाबाराच्या आसपास येतो, जानेवारीत साडेबाराच्या जवळ. म्हणून बारा ते पाऊण दर पाच मिनिटांनी खडूनं खूण करायची, त्यातली सर्वांत आखूड सावली ती आपली. माझ्या हिशेबानं पहिली २ मीटर ३७ सेंटिमीटरच्या आसपास भरेल आणि दुसरी २ मीटर ९च्या. कृपा करून मुलांना हे आकडे आधी सांगू नका.

घरी रोज उगवती-मावळतीची वेळ वहीत लिहायची. २१ डिसेंबरला इथला दिवस सुमारे ८ तास ५५ मिनिटांचा असतो, १४ जानेवारीला सव्वानऊ तासांचा. साडेतीन आठवड्यांत वीस मिनिटं. पण रोजची वाढ सारखी नसते. डिसेंबर संपता संपता दिवसाला काही सेकंदच, संक्रांतीच्या सुमारास दीड मिनिट. म्हणजे दिवस मोठा व्हायला आधीच सुरुवात झालेली असते, पण ते जाणवायला लागतं संक्रांतीला! मी स्वतः हे गणित मांडलं तेव्हा आजीच्या त्या एका वाक्याकडे कितीतरी वेळ बघत बसले होते. मुलांनी आलेख काढला की त्यांनाही ते दिसेल.

गणिताला तीळ आहेतच. प्रत्येकानं शंभर मोजले की दहा जणांचे हजार, आणि हजार तिळांचं वजन साधारण ३ ग्रॅम भरतं. लाडवात १५ ग्रॅम तीळ असतील तर लाडवात तीळ किती? "एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ला" हे अपूर्णांकांच्या दिवशी घेणार आहे.

पतंगाचं म्हणाल तर, जानेवारीतल्या इथल्या वाऱ्यात लहान मुलांना बाहेर उभं करायला माझी तयारी नाही.

तुमची सूचना, शंका, सगळं कळवा.

शाळेची ताई


प्रेषक: पालक, चौथी
दिनांक: ३० नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

दोन गोष्टी. माझ्या मुलाला तिळाची ॲलर्जी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. कॅनडात तीळ मुख्य ॲलर्जनच्या यादीत आहे, ते उगाच नाही. वर्गात हजार तीळ सांडले तर त्या दिवशी मला त्याला घरी ठेवावं लागेल, आणि सणाच्या दिवशी तो एकटा घरी बसावा हे मला नको आहे.

दुसरं, मनात आलं ते स्पष्टच लिहिते. सावली, आलेख, अपूर्णांक हे सगळं त्याची रोजची शाळा शिकवते. आम्ही शनिवारी पाऊण तास गाडी चालवून येतो ते मराठीसाठी.


प्रेषक: मराठी शाळा, टोरंटो
दिनांक: १ डिसेंबर

तिळाचं माझ्या लक्षात यायला हवं होतं, चूक झाली. वर्गात तीळ येणार नाहीत. वर्गात साबुदाणा मोजू. तीळ ज्यांना चालतात त्यांनी घरी मोजून वजन कळवावं. काटेरी हलवाही साबुदाण्यावरच करू. तिळावर, खसखशीवर करतात तसा तो साबुदाण्यावरही उत्तम होतो. परात मंद आचेवर, चमचा चमचा पाक, आणि बोटं सतत फिरती. पाक पालकांनी घालायचा, मुलांनी बघायचं. पाकातलं पाणी उडतं, साखर दाण्यावर थरावर थर बसते आणि मग काटा फुटतो. घाई करून पाक जास्त घातला की दाणे एकमेकांना चिकटतात. इथल्या हीटरच्या कोरड्या हवेत माझा काटा पुण्यापेक्षा चांगला आला होता.

मराठीबद्दल. मला वाटतं मराठी तिथेच आहे. "सावली आखूड झाली", "काठी कललीय, सरळ धर", "पाक अजून एकतारी नाही", "आच कमी कर" ही वाक्यं छापील पानावर आजवर एकाही मुलाच्या तोंडून आली नाहीत. हातात काम असलं की ती त्यांना बोलावीच लागतात. वर्गाचा नियम एकच असेल, मोजमाप मराठीत सांगायचं. आणि भोगीच्या दिवशी 'संक्रांत कोसळणे', 'तिळपापड होणे', 'तिळमात्र' यांवर स्वतःची वाक्यं. 'तेल' हा शब्द 'तिळा'वरून आला, हेही त्यांना सांगायचंय.

तुम्ही २० तारखेला वर्गात थांबाल का? पटलं नाही तर बदलू.


प्रेषक: सोलापूरहून आलेले एक आजोबा (नातीच्या पत्त्यावरून)
दिनांक: ३ डिसेंबर

ताई, तुमचा बेत नातीनं वाचून दाखवला. मार्चपर्यंत इथेच आहे, बोलवाल तर येईन.

भूगोलासाठी आमचं गाव घ्या. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या निघतात, गड्ड्यावर म्हणजे यात्रेच्या मैदानावर जत्रा. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही ऐकू येतात. शेजारी तिळगूळ देताना म्हणायचे, "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि." एळ्ळु म्हणजे तीळ, बेल्ल म्हणजे गूळ, तीळगूळ खा आणि चांगलं बोला. मुलांना दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहून द्या आणि कुठला शब्द कुठल्या शब्दाखाली बसतो ते त्यांनाच शोधू द्या. भोगीला बाजरीची भाकरी का, गव्हाची पोळी का नाही, हेही विचारा. कमी पावसात बाजरी तग धरते, आणि बाहेर थंडी असते.

एक शंका मुलांकडून नक्की येईल, तयार राहा. दिवस २२ डिसेंबरपासून वाढतो, मग संक्रांत १४ जानेवारीला का? फिरत्या भोवऱ्याचं टोक डुलतं तशी पृथ्वीही डुलते, एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. त्यामुळे सूर्याचं मकर राशीत जाणं साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकतं. स्वामी विवेकानंद संक्रांतीला जन्मले, तारीख होती १२ जानेवारी १८६३. आता तीच संक्रांत १४ किंवा १५ला येते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि दिवस वाढायला लागतो तो दिवस, दोन्ही एकच होते. नातीला हे भोवरा फिरवून दाखवलं, तिनं चार वेळा पुन्हा फिरवायला लावला.


प्रेषक: पूर्वी टोरंटो, आता मेलबर्न
दिनांक: ४ डिसेंबर

मंडळी, अजून यादीवर आहे, म्हणून लिहिते. आमच्याकडे संक्रांत भर उन्हाळ्यात आणि उत्तरायण लागलं की दिवस तिळातिळानं लहान होतो. आमच्या मुलांना 'सूर्य आता जवळ येतो' असं शिकवलं तर ती खिडकीतून बघून 'नाही' म्हणतील. तुमच्याच तारखांना आम्हीही १ मीटरची काठी लावतो. इथे घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे असतं, म्हणून दीडच्या सुमारास मोजावं लागेल. सावली मुलांनी एकमेकांना मराठीत कळवायची.


प्रेषक: मराठी शाळा, टोरंटो
दिनांक: २० डिसेंबर

मोजलं! पटांगणात बर्फ होता, तो फावड्यानं काढून काठी बादलीतल्या वाळूत रोवली. तीन गट, तीन आकडे: २ मीटर ३३, २ मीटर ३८, २ मीटर ४१. कुणाचा बरोबर यावर वाद झाला आणि तो जवळजवळ सगळा मराठीत झाला. शेवटी चौथीतल्या त्या मुलानं आजोबांकडून ओळंबा करून घेतला, दोऱ्याला किल्ली बांधून, आणि काठी तिरकी होती हे दाखवलं. त्याची आई शेवटपर्यंत थांबली होती, वहीत आकडे तिनंच उतरवले.

मेलबर्नहून आलेला आकडा: २६ सेंटिमीटर. आमच्या मुलांचा विश्वासच बसेना. दोन्ही सावल्या एकाच कागदावर काढायच्या म्हणून पाच कागद जोडावे लागले.

१७ जानेवारीला अकरा वाजता या. काठी आणि बादली हॉलच्या मागच्या दाराशी ठेवली आहे, कुणी हलवू नका.

ताई