निफ्टी चढला म्हणजे सहा महिन्यांनी धंदा सुधारणार, हे खरं का?

यंत्रमागवाला, अक्कलकोट रोड, सोलापूर
काल चाटी गल्लीत एक व्यापारी मला म्हणाले, "निफ्टी बघा की ओ, बाजाराला सगळं आधी कळतं." निफ्टी म्हणजे पन्नास बड्या कंपन्यांच्या शेअरभावांचा निर्देशांक. मला हे पटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. माझ्या टॉवेलच्या ऑर्डरी थांबल्या, दोन पाळ्यांची एक झाली. त्याच नोव्हेंबरात निफ्टीने नवा उच्चांक केला! त्या पन्नास कंपन्यांत टॉवेल-चादर विणणारी एकही नाही, आणि एक तृतीयांशाहून जास्त वजन बँका-वित्त कंपन्यांचं. माझे कामगार, पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बायका, मंगळवेढ्याचा ज्वारीवाला, यातलं कोण आहे त्या आकड्यात?

नवी पेठेतला ब्रोकर
अण्णा, तुमची अडचण खरी आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकतोय. शेअरचा भाव आजच्या धंद्याचा नसतो, पुढच्या नफ्याच्या अंदाजाचा असतो. उभ्या कांद्यावर पाऊस पडला की आवक घटायच्या आधीच मार्केट यार्डात भाव हलतो, तसंच हे. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवरून फिरला, अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली सप्टेंबरात. २०२० चं बघा. एप्रिल ते जून जीडीपी जवळजवळ एक चतुर्थांशाने खाली गेला, पण तो आकडा जाहीर झाला ३१ ऑगस्टला. सेन्सेक्स २३ मार्चला एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला होता आणि ऑगस्टपर्यंत बराच सावरलाही होता. पुढे कारखाने सुरू झालेच ना? अमेरिकेत कॉन्फरन्स बोर्ड या संशोधन संस्थेच्या, अर्थव्यवस्थेची पुढची दिशा सांगणाऱ्या आगाऊ निर्देशांकात शेअरचे भाव धरतात, ते उगाच नाही.

निवृत्त शिक्षिका (अर्थशास्त्र), होटगी रोड
धरतात, पण एकटे नाही. त्यात कारखान्यांच्या नव्या ऑर्डरी, बांधकाम परवाने, बेकारभत्त्याचे नवे अर्जही असतात. नुसत्या भावावर विसंबलं तर फसगत होते. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला, आणि मंदी आलीच नाही. अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९६६ मध्येच लिहिलं होतं की बाजाराने गेल्या पाचपैकी नऊ मंद्यांचं भाकीत केलं, म्हणजे मंद्या पाच आणि इशारे नऊ. २००८ चं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. सेन्सेक्स साठ टक्क्यांहून जास्त पडला, पण भारताचा जीडीपी त्या वर्षी वाढलाच, फक्त वेग कमी झाला. मग बाजाराने भारताचं भविष्य सांगितलं, की परदेशी गुंतवणूकदारांच्या पैशाची निकड?

ब्रोकर
मॅडम, वेग मंदावणार हे तरी सांगितलंच ना! दिशा बरोबर होती.

सुताचा व्यापारी
मी सेन्सेक्स बघून सूत भरत नाही. कारखानदार उधारी किती दिवसांनी फेडतो, ते बघतो. तीसची पंचेचाळीस झाली की मी हात आखडतो.

यंत्रमागवाला
हेच म्हणतोय मी. त्यात आता एसआयपीचे, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या ठरावीक हप्त्यांचे, महिन्याला २५ हजार कोटींहून जास्त येतात. माझा मुलगाही भरतो, चांगली सवय आहे, मी अडवत नाही. पण तो पैसा दर महिन्याला येणारच असेल, तर भाव टिकण्यामागे पुढच्या नफ्याचा अंदाज किती आणि नुसती आवक किती, हे वेगळं कसं करायचं?

ब्रोकर
ते अवघड आहे, मान्य. मग निफ्टी सोडा, तुमच्याच धंद्यातले शेअर बघा. शुल्काची घोषणा होताच टॉवेल-बेडशीट निर्यात करणाऱ्या कंपन्यांचे भाव पडले होते.

यंत्रमागवाला
५० टक्क्यांची घोषणा ६ ऑगस्टची, अंमल २७ पासून. माझ्या बायरचा फोन ७ तारखेला सकाळी आला, माल थांबवा म्हणून. भाव पडलेले मी त्यानंतर पाहिले.