मदत हवी आहे: बाप गेलेल्या घरात चौकशीला जायचं, पण खपली न काढता विचारायचं कसं?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात बाल संरक्षणाचं काम करते, दीड वर्ष झालं. एका घरापाशी अडले आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

ऑगस्टमध्ये, ऐन फवारणीच्या दिवसांत, बापानं जीव दिला. पहिल्यांदा पाहिलं ते मुलानं. तो नऊ वर्षांचा, चौथीत. बहीण चारची. माय कापूस वेचायला जाते, घरी आजी. काकांनी बाल कल्याण समितीकडे (अडचणीतल्या मुलांना कुठं ठेवायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती) अर्ज केला: पोरगा बहिणीला मारतो, ऐकत नाही, त्याला बालगृहात ठेवा. समितीनं सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे घरची परिस्थिती पाहून लिहायचा अहवाल, मागवला. कायद्यात मुदत 15 दिवसांची, त्यातले सहा गेले.

पहिल्या भेटीत मी छापील नमुना मांडीवर घेऊन विचारत गेले. उत्पन्न किती, कर्ज किती, व्यसन होतं का. माय म्हणाली, "तुमीबी थेच इचारून राह्यल्या का मॅडम? पोरगं आयकून राह्यलं ना." मुलगा दाराआड उभा होता. तो निघून गेला आणि अंधार पडला तरी परतला नाही. आजीनं मग सांगितलं की पोलीस, तलाठी, कर्जवाले, पुढारी, सगळे याच ओट्यावर बसून हेच विचारून गेले. त्या रांगेत माझी भर पडली. याचा मला फार त्रास झाला.

मुलगा गोठ्याकडे फिरकत नाही. माय शेतावर निघाली की तिचा पदर सोडत नाही. रात्री दचकून उठतो. शाळेत गुरुजी म्हणतात लक्ष नाही, आजी म्हणते बाहेरचं झालं. आणि जमीन अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. कर्ज खासगी, त्यामुळे शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीचं प्रकरण अपात्र ठरलं.

त्याच्या मनावर किती आघात झालाय हे त्याला पुन्हा त्या दिवसात न नेता कसं समजून घ्यायचं? आणि घराची खरी गरज काय, हे कोणाला विचारायचं? माय, आजी, काका तिघं तीन गोष्टी सांगतात.

प्रतिसाद (निवृत्त पर्यवेक्षिका, अमरावती)

ताई, पुढच्या वेळी फाईल पिशवीतच राहू द्या. मायला एवढंच विचारा, "सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत दिवस कसा जाते?" पाणी कोण भरते, लहानीला कोण सांभाळते, चूल कधी पेटते, रात्री कोण कुठं झोपते. निम्मा अहवाल त्यात येतो. कर्जाचा आकडा कागदावर मिळतो, त्यासाठी तिला रडवायची गरज नाही. माय आणि आजीशी वेगवेगळं बोला. एकमेकींसमोर दोघी दुसरीला जपून बोलतात.

मुलाला त्या दिवसाबद्दल विचारू नका. झोप, जेवण, अंथरूण ओलं होते का, खेळतो का, कशाला घाबरतो, हे मायकडून घ्या. त्याच्याजवळ बसा, चित्र काढू द्या. स्वतःहून बोलला तर ऐका, खोदू नका. बहिणीला मारणं हा वांडपणा म्हणून लिहू नका, कधीपासून सुरू झालं ते लिहा.

मायला मात्र एक प्रश्न एकांतात सरळ विचारा: "जीव नकोसा वाटते का?" विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझं हलकं होते. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रंदिवस चालतो. मुलाला जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात दाखवाच.

प्रतिसाद (विधी स्वयंसेवक, वर्धा)

बाल न्याय कायदा, 2015 च्या तत्त्वांत संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. अहवालात हे ठामपणे मांडा. आत्महत्येचं प्रकरण अपात्र ठरलं म्हणून बालसंगोपन योजना (अशा मुलांना घरीच वाढवण्यासाठी दरमहा मिळणारी सरकारी मदत) बंद होत नाही. एक पालक गेला आहे, तेव्हा दोन्ही मुलांसाठी अर्ज करा. 2023 पासून महिन्याला 2,250 रुपये आहेत. आणि वारस फेरफार, म्हणजे आजोबांच्या जमिनीवर वारसांची नावं लावणं, झालाय का ते आधी पाहा. काकांच्या अर्जामागे सातबारा असू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल फाईल न घेता गेले. आजीसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसले. मुलगा तासाभरानं आला, थोडा लांब बसला, एकेक शेंग माझ्याकडे सरकवत राहिला. बोलला काहीच नाही.

मायला तो प्रश्न विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पहिले वाटे. आता पोरं दिसते." अहवालात तिची परवानगी घेऊन हे कसं लिहावं, कोणी नमुन्याची दोन वाक्यं देईल का? तेच काकांच्या हाती पडलं तर माय नालायक म्हणून वापरतील, ही भीती आहे. माझ्याकडे अजून आठ दिवस आहेत.