मदत हवी आहे: साइटवरची माती वाहू नये यासाठी पुणे मनपा आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांचे नियम वेगळे आहेत का?

आमच्या दोन छोट्या साइट आहेत, एक बावधनला मनपा हद्दीत, दुसरी भूगावला पीएमआरडीएत. दोन्ही उतारावर, पण १:५ पेक्षा कमी, त्यामुळे जास्त उतारावरच्या बांधकामबंदीचा प्रश्न नाही, आणि बांधकाम २०,००० चौ.मी.च्या खूप खाली म्हणून पर्यावरण मंजुरीही लागत नाही. यूडीसीपीआर २०२० (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) दोन्हीकडे एकच, ते चाळून झालंय. कमेन्समेंटच्या (काम सुरू करण्याच्या परवानगीच्या) अटींत राडारोड्याचं आहे, मातीचं स्पष्ट काही सापडलं नाही.

परवाच्या सरीत खोदाईचा मुरूम वाहून थेट रस्त्यावर, शेजारच्या सोसायटीच्या चेंबरच्या जाळीवर चांगला बोटभर गाळ (शिव्या खाल्ल्या, रास्तच होत्या). सध्या वाळूच्या गोण्यांचा बांध घातलाय आणि खाली गाळ बसायला खड्डा घेतलाय. आर्किटेक्टला विचारलं, तो म्हणतो ऑफिसात जाऊन विचारा.

दोन्हीकडे अलीकडे काम केलेल्यांनी सांगा, पावसाळ्यापूर्वी माती अडवण्याचा वेगळा प्लॅन कुठे लेखी मागतात का, आणि मागत असतील तर कोणत्या खात्यात द्यायचा?