वस्तीची गाडी आणि स्नेहसंमेलनातील रिकाम्या खुर्च्या

खानापूरकर:
'जुना प्राध्यापक' यांनी काल येथे लिहिले की, बेळगावजवळ भूतरामनहट्टीला असलेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना केवळ पदवी हवी असते, शेवटचा तास संपताच ते बसकडे धावतात आणि म्हणूनच व्याख्याने व स्नेहसंमेलने रिकाम्या खुर्च्यांसमोर पार पडतात. हे वाचून मला संताप आला. विद्यापीठ 2010 मध्ये स्थापन झाले. त्याआधी तेथे कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. दोन्ही काळांत जागा तीच राहिली, काकतीच्या पुढे महामार्गालगत, शहरापासून सुमारे 18 किलोमीटरवर. जांबोटी-कणकुंबीकडचा विद्यार्थी पहाटे घर सोडतो, बेळगावच्या बसस्थानकावर गाडी बदलतो आणि मग पहिला तास गाठतो. परतताना गावाकडची वस्तीची गाडी चुकली, तर त्या जंगलातल्या रस्त्यावर त्याला रात्र कोठे काढायची हाच प्रश्न पडतो. त्याने सायंकाळी सहाच्या व्याख्यानाला थांबावे, ही अपेक्षा कोणत्या आधारावर केली जाते? आमची मैत्री झाली ती बसमध्ये. टिपणांची देवाणघेवाण, राजकारणावरचे वाद, परीक्षा शुल्कासाठी उसने घेतलेले पैसे, हे सगळे आम्ही खानापूरच्या गाडीत उभ्या उभ्या केले. त्याला विद्यार्थी जीवन म्हणायचे नसेल, तर तो दोष पाहणाऱ्याचा आहे.

जुना प्राध्यापक:
आपण रागावलात, तरी माझा मुद्दा तसाच उभा आहे. मी स्वतः धारवाडला वसतिगृहात राहून शिकलो. रात्री मेसमध्ये कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी मुले एकाच ताटाशी बसून भांडत, आणि त्या भांडणांतून मला जे मिळाले ते वर्गात मिळाले नाही. खानापूरच्या गाडीत खानापूरचीच मुले भेटतात. दोन वर्षे एका बाकावर बसूनही अथणीच्या किंवा विजापूरच्या सहाध्यायाच्या घरी काय पिकते, हे त्यांना ठाऊक नसते. तालुका सोडून शिकायला यायचे आणि मनाने तालुक्यातच राहायचे, याला मी विद्यापीठीय जीवन मानत नाही. शिवाय सीमाभागातील मराठी मुलांनी कन्नड सहाध्यायांशी तासाबाहेर बोललेच पाहिजे. नाहीतर दोन्हीकडचे पुढारी जे सांगतात तेच ती खरे मानतात.

हिंडलग्याचा पासधारक:
मूळ दुखणे गाड्यांचे आहे आणि त्यावर कोणीच बोलत नाही. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या 'शक्ती' योजनेत महिलांचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. पाससाठी आम्ही पैसे भरतो, आणि चालक गर्दी पाहून थांबा ओलांडून पुढे जातो. पहिला तास बुडालेल्या मुलाला स्नेहसंमेलनाचा उत्साह कोठून येणार?

उचगावची वाचक:
आपली गाडी थांबत नाही याचा राग आपण बायकांवर का काढता? गर्दी वाढली असेल तर गाड्या वाढवा, अशी मागणी करावी. माझ्या धाकट्या बहिणीचे शिक्षण बारावीनंतर थांबणार होते, कारण दोन मुलींच्या प्रवासाचा खर्च घराला झेपत नव्हता. तिकीट माफ झाले म्हणून ती आज पदवीच्या वर्गात आहे. आमच्या गाडीत महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातील मुली असतात. त्यांच्याकडे कर्नाटकचा रहिवासी पुरावा नाही, म्हणून त्याच गाडीत, त्याच बाकावर बसून त्या पूर्ण तिकीट काढतात. त्यांच्या राज्याची अर्ध्या तिकिटाची सवलत सीमेपर्यंतच चालते. अन्याय मोजायचाच असेल तर आधी तो मोजावा.

हिंडलग्याचा पासधारक:
मी बायकांवर राग काढलेला नाही. माझ्या तोंडी नसलेले शब्द घालू नयेत. चंदगडच्या मुलींचा मुद्दा योग्य आहे, एवढे मान्य करतो. पण पैसे भरलेल्याला दारात लोंबकळावे लागते, हे खोटे ठरत नाही.

उचगावची वाचक:
ते खोटे आहे असे मी म्हटलेलेच नाही. आता मूळ विषयाबद्दल. प्राध्यापक महोदय, वसतिगृहातील रात्रीच्या चर्चांचे आपण वर्णन केले, त्या चर्चांत मुली किती होत्या? दिवेलागणीनंतर घरी पोहोचणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी कॉलेजला पाठवायचे की नाही, यावर आजही आमच्याकडे घरात बैठक बसते. मी महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धेसाठी नाव दिले होते. स्पर्धा दुपारी होणार होती. पाहुण्यांना उशीर झाला म्हणून ती सायंकाळवर गेली आणि मी न बोलताच घरी आले. मला ओढ नव्हती असे आपण म्हणणार का?

जुना प्राध्यापक:
मुली जवळजवळ नव्हत्याच. आपल्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते मी नाकारत नाही. परंतु कार्यक्रम दुपारी घ्यायचा म्हटले की तास बुडतात, अभ्यासक्रम मागे पडतो, आणि मग हेच विद्यार्थी तक्रार करतात. विद्यापीठासाठी हिरेबागेवाडीला नवा परिसर निवडला तोही शहराबाहेर, महामार्गावरच. म्हणजे पुढच्या पिढ्यांचेही बसचे गणित सुटणार नाही. तेव्हा निदान शनिवारी अर्धा दिवस राखून ठेवावा, यास माझी हरकत राहणार नाही.

खानापूरकर:
शनिवारचा अर्धा दिवस चालेल, पण तो वेळापत्रकात छापलेला असावा आणि पाहुणे आले नाहीत तरी कार्यक्रम वेळेवर सुरू व्हावा. अथणीच्या मुलाशी ओळख व्हावी असे आपल्याला वाटते, ते मलाही पटते. तीही बसमध्ये होत नाही, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. मात्र मला त्याच्याशी बोलता यावे म्हणून दुपारचा डबा खायला एक सावलीची जागा द्या, त्यासाठी मला वसतिगृहात राहायला सांगू नका. खोलीचे भाडे देण्याइतकी शेती आमच्याकडे नाही.